भ्यायेल जीव

कुत्रं घाबरलं की त्याला जवळ घेऊ नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. जवळ घेतलं की ते लाडावतं, भीती अंगात मुरते आणि मग ते ना घराच्या कामाचं राहतं ना रानाच्या. हे मत मी कुठल्या पुस्तकातून उचललं नव्हतं. ते माझ्या वडिलांचं होतं, आजोबांचं होतं आणि एरंडोल तालुक्यात मळ्यावर कुत्री ठेवणाऱ्या बहुतेकांचं आजही आहे. फटाक्याला दचकलं तर लक्ष देऊ नका. ट्रॅक्टर पाहून लपलं तर ओढून बाहेर काढा. दोन-चारदा असं केलं की भीती मोडते. माझ्या कृषी केंद्रावर बियाणं-खतं घ्यायला येणारे शेतकरी कुत्र्यांचा विषय काढायचे, तेव्हा मीही हेच सांगायचो. आता अगदी उलट सांगतो. मत का बदललं ते नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण ते बदलेपर्यंत एका मुक्या जिवाने बरंच सोसलं आहे.

हरणी आमच्याकडे आली ती वाढलेलीच. नावही तिच्यासोबतच आलं. आई कारवान आणि बाप ग्रेहाउंड, असं देणाऱ्याने सांगितलं. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय, अरुंद डोकं आणि गव्हाळ तांबूस रंग. आमच्याकडे अशा अंगाच्या कुठल्याही कुत्र्याला लोक सरसकट ग्रेहाउंड म्हणतात. हिच्या बाबतीत ते निम्मं तरी खरं आहे. सांगली-कोल्हापूरकडे जत्रांमध्ये श्वान शर्यती होतात. त्या हौसेपोटी एकाने तिकडून हे पिल्लू आणलं होतं. पण माणसांचा गलका सुरू झाला की ती धावण्याऐवजी जमिनीला चिकटून बसायची. न धावणारं कुत्रं त्याला नको झालं. मळ्यात मोटारीच्या केबलीची चोरी आणि रानडुकरांचा उपद्रव दोन्ही असल्यामुळे मला राखणीला कुत्रं हवंच होतं. मी तिला घेऊन आलो.

मला त्या जातीचा अभिमानही होता, हे सांगायला हवं. कारवान ही आपल्या दख्खनची जात. काफिल्यांबरोबर मध्य आशियातून आलेल्या कुत्र्यांपासून ती घडली, असं सांगितलं जातं. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिची पैदास मनावर घेतली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव सर्वदूर गेलं. अजूनही केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कारवान म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ म्हणून. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. 2016 साली सैन्याने ही कुत्री मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तिचं नाव घेतलं, तेव्हा आमच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर चार दिवस तोच विषय होता. या सगळ्यातून माझ्या डोक्यात जे चित्र तयार झालं होतं, त्यात भीतीला जागाच नव्हती. असं कुत्रं भित्रं निघालं म्हणजे त्याला कुणीतरी बिघडवलं आहे आणि शिस्तीने ते सुधारेल, असं मी गृहीत धरलं.

मळ्यात ती टिकली नाही. सालदाराजवळ खायची नाही, रात्री झोपायची नाही, शेडच्या कोपऱ्यात उकरत बसायची. मृगाच्या पहिल्या गडगडाटात दोर तोडून पळाली आणि महामार्गाच्या कडेला एका टायरवाल्याच्या दुकानामागे सापडली. सुरत-कोलकाता महामार्ग आमच्या गावाला लागूनच जातो, रात्रंदिवस ट्रकांची रांग असते. ती जिवंत सापडली हे नशीब. त्यानंतर तिला गावातल्या घरी आणलं, आणि तिथे तिचं रोजचं जगणं मला जवळून दिसायला लागलं.

सकाळी कचऱ्याची घंटागाडी गाणं वाजवत येते. ती वळणावर असतानाच हरणीला कळतं आणि ती मोरीत जाऊन उभी राहते. कुकरची शिट्टी, पत्र्यावर उडी मारणारं मांजर, इन्व्हर्टरची टूंटूं, शटर वर जाण्याचा आवाज, मोटारसायकलचा सायलेन्सर फुटल्यासारखा आवाज. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला 45 हजारांपर्यंत. म्हणजे आपल्या शांत खोलीतही तिच्यासाठी काहीतरी वाजत असतंच. नजरेचंही तेच. नजरेने शिकार हेरणाऱ्या या कुत्र्यांना जवळजवळ पाठीमागचंही दिसतं. दूर रानात हललेला सशाचा कान जिला दिसतो, तिला वाऱ्याने उडालेली दुधाची पिशवीही दिसते, आणि त्या पिशवीचं काय करायचं हे तिला ठरवता येत नाही.

चकचकीत फरशीवर तिचे पाय घसरायचे आणि ती हॉलच्या मधोमध अडकून पडायची, ना पुढे ना मागे. तिच्यासाठी आम्ही जुन्या सतरंज्या एकाला एक जोडून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पायवाट केली. जिना तिला अजूनही आवडत नाही. परदेशात शर्यतीतून निवृत्त केलेली ग्रेहाउंड घरी नेणारे लोकही हेच सांगतात, असं नंतर वाचलं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये ग्रेहाउंड शर्यतींच्या विरोधात कौल दिला आणि 2020 अखेर तिथली मैदानं बंद झाली. मकाऊचं कॅनिड्रोम 2018 मध्येच बंद पडलं आणि पाचशेहून जास्त कुत्र्यांना घरं शोधावी लागली. पिंजरा आणि धावपट्टी एवढंच जग पाहिलेल्या त्या कुत्र्यांना जिना, आरसा, काचेचं दार या गोष्टी नव्याने शिकवाव्या लागतात. ते वाचल्यावर आमच्या सतरंज्या मला वेडेपणाच्या वाटेनाशा झाल्या.

पण सुरुवातीला मी या कशालाच भीती मानत नव्हतो. जांभया द्यायची तेव्हा झोप आली असेल असं वाटायचं. ओठ चाटायची तेव्हा भूक. पाठ करून उभी राहिली की हट्ट. हे सगळं घाबरल्याची लक्षणं आहेत, शेपूट पोटाशी जाण्याच्या कितीतरी आधीची, हे मला ठाऊक नव्हतं. आणि म्हणून मी माझ्या मताप्रमाणे वागत गेलो. अंगणात ट्रॅक्टर सुरू करायचा आणि तिला शेजारी बांधून ठेवायचं. थरथरली तरी लक्ष द्यायचं नाही. दम संपला की ती खाली बसायची, डोळे एका जागी खिळलेले, तोंडातून लाळ. मी घरात सांगायचो, बघा, झाली शांत.

ती शांत झालेली नव्हती. तिने सगळंच सोडून दिलं होतं. त्या दिवसांत ती माझ्या चपलेच्या आवाजालाही उठून जायला लागली. ट्रॅक्टरची भीती तर गेलीच नाही, वर अंगणाची लागली, आणि मग अंगणात नेणाऱ्या माणसाची, म्हणजे माझी.

माझी आई तेव्हा घरात बसून असायची, गुडघ्यांमुळे तिचं फिरणं बंद झालं होतं. कुत्र्याला घरात घेण्याच्या ती विरुद्धच होती. पण एका संध्याकाळी समोरच्या मंगल कार्यालयात डीजे लागला आणि हरणी सगळं घर धुंडाळून आईच्या पलंगाखाली शिरली. तिथून तिने आपलं लांब तोंड बाहेर काढून आईच्या पावलांवर ठेवलं. मी तिला ओढायला वाकलो तर आईने हात आडवा घातला. म्हणाली, “भ्यायेल जीव शे. तिले आठेच बठू दे.” आणि वरात पुढे सरकेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून बसली. मी चिडलो होतो. आता ही रोज इथेच येणार, हे मी आईला बजावलंही.

ती रोज आली नाही, आवाज असेल तेव्हाच आली. आणि थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आईजवळ बसून ती लवकर सावरते. इतर ठिकाणी तासन्‌तास चालणारी थरथर तिथे लवकर थांबायची, मग ती उठून पाणी प्यायची. जवळ घेतल्याने भीती वाढते हे खरं असतं तर याच्या उलट दिसायला हवं होतं. माझं मत बदलायला सुरुवात झाली ती इथून, मात्र एवढ्यावर मी ते सोडलं नाही. आईचा मायाळू स्वभाव, असं म्हणून बाजूला ठेवलं.

पुढचा धक्का डॉक्टरांनी दिला. आमच्याकडे पशुवैद्यक म्हणजे मुख्यतः गाई-म्हशींचे, आणि त्यांच्यावर कामाचा भारही तेवढाच. पण एका ओळखीच्या डॉक्टरांनी हरणीकडे अर्धा तास नुसतं पाहिलं, हात न लावता. ते मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, म्हणजे 1886 पासून चालत आलेल्या परळच्या त्या जुन्या कॉलेजात. त्यांनी मला जे समजावलं ते असं. बक्षीस दिल्याने एखादी कृती वाढते, हे खरं. कुत्रं हात देतं, तुकडा मिळाला की पुन्हा देतं. पण भीती ही कृती नाही, ती अवस्था आहे. जी गोष्ट ती ठरवून करतच नाही, ती मायेने वाढणार कशी? उलट तुम्ही तिला ट्रॅक्टरजवळ बांधलंत तेव्हा तिच्या डोक्यात ट्रॅक्टर आणि तुम्ही, दोघांचीही भीतीशी गाठ पक्की झाली. मालक कोण हे कुत्र्याला दाखवावं लागतं, ही समजूत कुठून आली तेही त्यांनीच सांगितलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये कोंडलेल्या लांडग्यांवर निरीक्षणं लिहिली, डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती जगभर नेली, आणि पुढे रानातल्या लांडग्यांची कुटुंबं स्वतः पाहिल्यावर त्याच मेक यांनी 1999 मध्ये ती दुरुस्त केली. ज्याने मत पसरवलं त्यानेच ते बदललं, ही गोष्ट मला फार धीर देऊन गेली.

त्यांनीच पावलोवच्या कुत्र्यांचा प्रसंग सांगितला, आणि तो मी नंतर शोधून वाचला. घंटा आणि लाळ एवढंच आपण शाळेत शिकतो. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पावलोवची कुत्री पिंजऱ्यात अडकली, पाणी इतकं चढलं की ती छताजवळ पोहत नाक वर धरून होती. पिंजऱ्याचं दार खाली असल्याने माणसांना त्यांना पाण्यात दाबून बाहेर ओढावं लागलं. सगळी वाचली, पण काहींचं शिकलेलं पुसलं गेलं. पुढे बऱ्याच काळाने दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली तरी एक कुत्रं पुन्हा त्याच दिवसात जाऊन पोहोचायचं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते याच्या पुढचं. ते कुत्रं सावरायला लागलं ते त्याच्या ओळखीचा संशोधक खोलीत त्याच्याजवळ बसून राहायला लागल्यावर. माणूस बाहेर गेला की बिघडायचं, आत आला की जमायचं. माझी आई गुडघ्यांमुळे पलंगावर बसून जे करत होती, ते शंभर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत नोंदलं गेलं होतं. त्या रात्री मी माझं जुनं मत सोडलं.

डॉक्टरांनी सुचवलेल्या गोळीलाही माझा विरोध होता. माणसांच्या मनाच्या आजाराची गोळी कुत्र्याला? फ्लुऑक्सेटिन हे ते औषध. अमेरिकेत 2007 मध्ये एकटेपणाने बेचैन होणाऱ्या कुत्र्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्याने कुत्रं गुंगीत जात नाही, भीतीची वरची धार तेवढी खाली येते, आणि तेव्हाच त्याला काही शिकता येतं. हे मला पटायला वेळ लागला. शेतात कीड पडली की मी फवारा सांगतो, आणि या बारीक जिवाला मात्र सोसून सुधार म्हणत होतो. डॉक्टरांशिवाय यातली कुठलीही गोळी कुणी देऊ नये, मात्रा वजनावर आणि बाकी तब्येतीवर ठरते, एवढं मात्र आवर्जून सांगतो.

गोळीसोबत आम्ही आवाजाचा सराव सुरू केला. मोबाइलवर डीजेचं रेकॉर्डिंग, अगदी ऐकू येईल न येईल इतकं हळू, आणि त्याच वेळी उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. तिने तुकडा सोडला की समजायचं आवाज जास्त झाला, कमी करायचा. भ्यायलेलं कुत्रं खात नाही, त्यामुळे तिचं खाणं हेच आमचं मोजमाप. काही आठवड्यांनी आवाज एका रेघेने वाढवायचा. मधेच कुणीतरी गल्लीत सुतळी बॉम्ब लावतो आणि सगळं पुन्हा सुरुवातीला येतं. त्याचं मला पूर्वी इतकं वाईट वाटायचं की सराव बंद करावासा वाटायचा. आता दोन दिवस तिला नुसतं राहू देतो. मोठ्या घाबरण्यानंतर शरीरातला ताण एका रात्रीत उतरत नाही, आणि त्या दोन दिवसांत तिला कुकरची शिट्टीही सोसत नाही.

तिला सर्वांत मोठी मदत कूलरने केली, हे कुणालाच सुचलं नव्हतं. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तिच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ. उन्हाळ्यात पहाटे फिरवून आणायचं, नाहीतर डांबराचा चटका पायांना बसतो. घरात ओल्या गोणपाटावर झोपवायचं. कूलर लागला तेव्हा पहिले दिवस ती त्यालाही भ्यायली. पण ती एकसारखी घरघर तिच्या ओळखीची झाली आणि बाहेरचे आवाज त्यात बुजायला लागले. आता थंडीतही मिरवणूक असली की आम्ही पाण्याशिवाय नुसता कूलर चालवतो, तिच्या अंगावर गोधडी टाकून. शेजारच्यांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

सणांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आखाजीला बायकांची झोक्यावरची गाणी तिला चालतात, अंगणात बसून ऐकते. कानबाईच्या विसर्जनाला सोमवारी वाजंत्री गल्लीतून जाते तेव्हा माझी बायको तिला मागच्या खोलीत घेऊन बसते, म्हणजे देवीचं दर्शन तिचं दारातूनच होतं. दिवाळीत मी चार दिवस दुकान लवकर बंद करतो. आणि उन्हाळी लग्नसराई सगळ्यांत अवघड. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. आमच्याकडे हे नियम फलकावर असतात. मी कार्यालयात जाऊन वरपक्षाला हात जोडून सांगतो की निदान आमच्या दारासमोर थांबून वाजवू नका. कुणी ऐकतं, कुणी नाही. गल्लीत दम्याचे म्हातारे आहेत, दहावीची मुलं आहेत, त्यांच्यासाठी हे मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

तिला बाहेर नेणं हे अजूनही माझं सर्वांत काळजीचं काम आहे. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा मागे ओढलं की सहज निघून येतो. घाबरलेली हरणी साठच्या वेगाने सुटली तर तिला कोणी माणूस पकडू शकत नाही, आणि पुढे महामार्ग. बैलांचा साज शिवणाऱ्या आमच्या ओळखीच्या कारागिराकडून मी रुंद पट्टा करून घेतला, ओढ बसली की मापापुरता आवळणारा आणि सोडला की सैल होणारा. त्याशिवाय छातीवरून एक वेगळी दोरी. दोन्ही बांधल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा घरातला नियम. दुसरा नियम, झोपलेली असताना हात लावायचा नाही, आधी नावाने हाक मारायची. ती कधी कधी डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपते आणि स्पर्शाने दचकून दात लागू शकतात. माझ्या भाचीच्या मुलाला हे शिकवायला फार त्रास पडला नाही, मोठ्यांना पडला.

सगळंच माफ, असं माझं म्हणणं नाही. पळणारं करडू दिसलं की तिच्यातलं शिकारी रक्त उसळतं, आणि तिथे मी तिला मोकळीक देत नाही. शेळ्यांच्या वाटेने जाताना तोंडाला जाळी असते. पूर्वी लोक हौसेने सशामागे अशी कुत्री सोडायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि तसाच असावा. पद्मालयाच्या रस्त्याला जंगल लागतं, तिथे मी तिला गणपतीच्या दर्शनाला जातानाही सोबत नेत नाही.

या सगळ्याची किंमत आहे, ती लपवून लिहिण्यात अर्थ नाही. आम्ही दोघं एकत्र कुठल्या लग्नाला गेलो त्याला बराच काळ झाला. ती एकटी राहिली तर दाराची चौकट कुरतडते, नखं रक्तबंबाळ करते. मी दुकानात असतो, त्यामुळे दिवसाचा सगळा भार बायकोवर पडला. तिने हे कुत्रं मागितलं नव्हतं. मत माझं बदललं, पण त्यासाठी माहेरचे दोन कार्यक्रम तिला सोडावे लागले. आई गेल्यानंतर तर हरणी बायकोच्याच मागे मागे असते. मी दुपारी दीड तास दुकान बंद ठेवून घरी येतो, म्हणजे बायकोला बाहेर पडता येईल. एवढंच मला जमलं आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं.

“भाऊ, हाई कुत्री काय कामनी शे?” असं गिऱ्हाईक विचारतं. राखण करत नाही, शर्यत नाही, शिकार नाही. पूर्वी मला या प्रश्नाची लाज वाटायची. आता मी म्हणतो, काही कामाची नाही, राहते आमच्याकडे.

पिल्लांसाठीही माणसं येतात. कारवानच्या बाजारात आता भाव आहे. अंगाने हरणी देखणी आहे, आणि देशी जात टिकवायची तर मादी मोकळी कशी ठेवता, असंही मला सुनावलं गेलं. मी तिची नसबंदी करून घेतली. ग्रेहाउंडच्या अंगात थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध उतरायला फार वेळ लागतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दुसरं वापरलं. कुणाच्या घरी असं कुत्रं असेल तर शस्त्रक्रियेआधी हे जरूर बोलून घ्यावं. पैदास न करण्याचं कारण सरळ आहे. भीती नुसती वागणुकीतून येत नाही, वंशातूनही येते. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात पॉइंटर जातीच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम झालं, आणि बुजऱ्या कुत्र्यांची पिल्लं बुजरी निघतात हे पिढ्यान्‌पिढ्या दिसलं. छाती, पाय, वेग पाहून जोड्या लावायच्या आणि स्वभाव पाहायचाच नाही, याला मी जात टिकवणं म्हणणार नाही. तिकिटावर छापलेल्या कुत्र्याचा अभिमान मला आजही आहे. म्हणूनच म्हणतो, पिल्लू घेताना त्याची आई पाहा. अनोळखी माणूस आला की ती काय करते ते पाहा, आणि मगच उंची मोजा.

गेल्या आठवड्यात कासोद्याकडचा एक तरुण कपाशीच्या फवारणीचं औषध घ्यायला आला. त्याच्याकडे वर्षाचा कारवान आहे, ट्रॅक्टर सुरू झाला की विहिरीच्या बाजूला पळतो. “मारी बी पाहं, फरक पडना नही,” म्हणाला. मी त्याला बसवलं. मार बंद कर, साखळीला चोवीस तास ठेवू नकोस. कुत्र्याला कायम बांधून ठेवून फिरवायचंच नाही, ही 1960 च्या कायद्यात क्रूरता धरली आहे. विहिरीला जाळी टाक, आजच. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी कुत्र्याला घरातल्या ज्या माणसाची ओढ आहे त्याने त्याला घेऊन दूर बसावं, जितक्या दूर ते खाईल तितक्या दूर. तो म्हणाला, ओढ माझ्या आजीची आहे. म्हटलं, मग आजीला विचार. डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. पट्ट्याचं माप घ्यायला तो रविवारी कुत्र्याला घेऊन येणार आहे. त्याला सकाळी लवकर बोलावलंय, दुपारी समोरच्या कार्यालयात लग्न आहे.